जुनी टोपोशीट छापून घेतली (खाम खोरं, पाणचक्की वगैरे) – प्रिंटिंगवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, स्कॅनिंगला पाचपैकी चार, कागदाला पाच, रंगाला दोन आणि नकाशाप्रमाणाला पहिल्या प्रिंटला शून्य, दुसऱ्या प्रिंटला पाच. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तक्रारी आहेत आणि माणसं मात्र चांगली आहेत, संभाजीनगरच्या जुन्या शहरातलं प्लॉटर-झेरॉक्स-फ्लेक्सचं दुकान आहे, अशी बरीच आहेत, त्यामुळे हे सगळं कुठल्याही दुकानात नकाशा छापायला जाताना कामाला येईल.

मी शाळेत भूगोल शिकवते. पोरांना खाम नदीच्या काठाकाठानं हर्सूलच्या बाजूनं खाली पाणचक्कीपर्यंत, म्हणजे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या जुन्या पिठाच्या चक्कीपर्यंत, न्यायचं होतं आणि हातात खरा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारी टोपोशीट, द्यायचा होता, पुस्तकातला तळहाताएवढा तुकडा नाही. मोबाइलवर नकाशा सगळ्यांकडेच असतो पण त्यात रस्ते आणि बिर्याणीची हॉटेलं दिसतात, जमीन कुठं चढते कुठं उतरते ते काही चटकन दिसत नाही. आणि पाणचक्की ही गोष्टच अशी आहे की जमिनीचा उतार कळला नाही तर ती कळतच नाही, मग माणूस हौदातले मासे बघतो, सेल्फी काढतो नि परत येतो.

तर छापायला तीन गोष्टी घेऊन गेले होते. एक, शाळेच्या कपाटात सापडलेली जुनी एक इंचाला एक मैलवाली शीट, कापडावर चिकटवलेली, घड्यांवर फाटायला आलेली. दोन, सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची ओपन सिरीजवाली (सगळ्यांसाठी खुली) पीडीएफ, ४७ एम/५ च्या भागाची. तीन, अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची १९५० च्या दशकातली यू-५०२ मालिका, १:२,५०,००० ची, टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीनं नेटवर फुकट ठेवलेली. ही तिसरी बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, अमेरिकन म्हटलं तरी मूळ सर्वेक्षण आपल्याच सर्व्हे ऑफ इंडियाचं आहे, त्यांनी ते घेऊन आपल्या पद्धतीनं परत आखलं.

४७ एम/५ म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: ४७ हा ४ अंश बाय ४ अंशाचा मोठा चौकोन, त्याचे १ अंशाचे १६ तुकडे ए पासून पी पर्यंत, आणि त्या एकेकाचे परत १५ मिनिटांचे १६ तुकडे. आपलं शहर, छावणी, बेगमपुरा, मकबरा, हर्सूल हे सगळं ४७ एम/५ मध्ये बसतं. गंमत म्हणजे दौलताबादचा किल्ला त्यात नाही, तो शेजारच्या ४७ एम/१ वर, आणि वेरूळ तर ४६ नंबरात जातं, ४६ पी/४. म्हणजे सहलीला एका दिवसात जी तीन ठिकाणं उरकतो त्याला तीन शीटा लागतात. प्रिंटिंगवाल्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, मॅडम हे तुमचं सरकारी काम दिसतंय, सलग काही देतच नाहीत.

आता सर्व्हिस. आधी चांगलं सांगते. कापडावरची शीट मी टेबलावर उलगडली तेव्हा दुकानातल्या पोरानं ती सरळ मोठ्या रोलर स्कॅनरमध्ये घालायला घेतली आणि काकांनी आतून ओरडून त्याला थांबवलं. रोलरमध्ये गेली असती तर घडीवर फाटली असती नक्की, कापड एकीकडे नि कागद एकीकडे. मग त्यांनी ती चपट्या काचेच्या स्कॅनरवर तुकड्यातुकड्यानं ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केली, वेळ गेला भरपूर, मधेच दोन झेरॉक्सवाले येऊन आधार कार्डाच्या कॉप्या काढून गेले, पण केलं नीट. बाकीच्या दुकानात मला ३०० च्या वर कोणी बोलतच नव्हतं. नकाशाला ३०० पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, अक्षरं वाचता येतात हो, पण समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा) केसाएवढ्या असतात आणि जिथं त्या दाटीनं असतात, म्हणजे वर जटवाड्याच्या डोंगराकडे, तिथं ३०० ला नुसता तपकिरी चिखल दिसतो.

जोडकाम मात्र गडबडलं. तुकडे कॉम्प्युटरवर जोडताना एक सांधा नेमका हर्सूल तलावावरून गेला आणि तलावाला दोन काठ आले, एक खरा आणि एक थोडा सरकलेला. पोराच्या नजरेत आलं नव्हतं. हे तपासायची सोपी युक्ती आहे, नकाशाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि सारखे आले तर जोड सरळ. माझ्या प्रिंटमध्ये चांगला फरक होता. दाखवलं तर पोरगा लगेच बसला परत जोडायला, तोंड वाकडं न करता, याचे मार्क देते.

खरी बोंब रंगात झाली. स्कॅन झाल्यावर त्यानं मला न विचारता ऑटो कलर का काय ते मारलं, म्हणजे जुन्या कागदाचा पिवळेपणा जाऊन पांढराशुभ्र कागद. दिसायला एकदम भारी, दुकानातले दोघंतिघं वा म्हणाले. पण टोपोशीटवर पिवळा हा रंगच आहे ना, लागवडीखालची जमीन पिवळ्यानं दाखवतात. तर कागदाच्या पिवळ्याबरोबर शेतीपण गेली, सगळं खोरं ओसाड. आणि तपकिरी रंग फिका असल्यामुळे समोच्च रेषा निम्म्या गायब. निळा राहिला, काळा राहिला, लाल रस्ते तर आधीपेक्षा भडक झाले. म्हणजे परत तेच, रस्ते आणि गावं.

काकांचं म्हणणं, मॅडम भिंतीवर लावायला हेच छान दिसतं, लोकं असंच मागतात. असतील मागत. पण इथं माझं भांडण आहे आणि ते समजावून सांगते.

पाणचक्की कशावर चालते? पाण्यावर, हे पोरगंपण सांगतं. पण खाम नदी शेजारनं वाहते म्हणून चक्की नदीच्या पाण्यावर चालते असं भल्याभल्यांना वाटतं. तसं नाही. पाणी येतं नहरीतून, उत्तरेला हर्सूलच्या बाजूच्या उंच जागेवरून, जमिनीखालून, मातीच्या बंद नळांमधून. आता बंद नळात वरच्या अंगानं पाणी सोडलं की खालच्या टोकाला ते परत वर चढायला बघतं, जिथून निघालं साधारण त्या उंचीपर्यंत, वाटेत जे काही घर्षणात जातं ते वजा करून. म्हणून पाणचक्कीत ती उंच दगडी भिंत आहे, पाणी तिच्यातून वर चढतं आणि वरून हौदात धबधब्यासारखं पडतं, आणि त्याच पाण्याच्या जोरावर खाली आडवं बसवलेलं पात्यांचं चाक फिरतं आणि त्याच्याच दांड्यावर जात्याचा वरचा दगड फिरतो. त्या चक्कीत दळलेलं पीठ दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना, फकिरांना आणि फौजेला जायचं. ना पंप ना इंजिन. सगळा खेळ हर्सूलकडची जमीन आणि महमूद दरवाजाजवळची जमीन यांच्या उंचीतल्या फरकाचा. आणि तो फरक नकाशावर फक्त तपकिरी रेषांमध्ये आहे! शहरात उतरल्यावर जमीन फारशी तीव्र नाही, त्यामुळे त्या दोन जागांच्या मधे रेषा आहेतच मुळात मोजक्या, नव्या शीटवर २० मीटरला एक, जुन्या मैलवाल्या शीटवर ५० फुटाला एक. त्यातली एक जरी पुसली गेली तरी पोरांना चढउतार दाखवायला काही उरत नाही. म्हणजे काकांनी माझ्या नकाशातून नेमकी चक्कीच काढून घेतली आणि नदी ठेवली.

एवढं सांगितल्यावर काका दोन मिनिटं गप बसले आणि मग पोराला म्हणाले, ओरिजिनल फाइल काढ. बस. दुसरी प्रिंट मूळ स्कॅनवरून काढली, कागद पिवळट दिसतो, घड्यांच्या रेषा दिसतात, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी चहाचा डाग आहे तोपण छान आलाय, पण रेषा सगळ्या जागेवर. तपकिरी अजून थोडा लालसर मारतो, त्यामुळे काही ठिकाणी समोच्च रेषा आणि पायवाट यात गोंधळ होतो. म्हणून रंगाला दोनच.

आता नकाशाप्रमाण. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळीकडे चुकतंच म्हणून जरा लांबण लावते. १:५०,००० च्या शीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. १५ मिनिटांची शीट आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण साडेसत्तावीस किलोमीटरच्या वर आणि पूर्व-पश्चिम सव्वीसच्या आसपास भरते, म्हणजे कागदावर नुसता नकाशाच साधारण ५५ बाय ५२ सेंटिमीटर, वर समास आणि सांकेतिक खुणांची पट्टी वेगळी. ए-टू कागद ४२ बाय ५९.४. बसेल का? नाही बसत. पण प्रिंटर काय करतो, फिट टू पेज, आणि गुपचूप आकसून बसवतो. मग खाली १:५०,००० छापलेलं तसंच राहतं आणि ते साफ खोटं असतं. पोरांनी पट्टी लावून ७ सेंटिमीटर मोजले की साडेतीन किलोमीटर म्हणणार, प्रत्यक्षात चालून पावणेपाचच्या आसपास व्हायचे. पुस्तकात आपण शिकवतो की नकाशा लहानमोठा केला तर शब्दप्रमाण (२ सेंटिमीटरला १ किलोमीटर) आणि अंकप्रमाण (१:५०,०००) चुकतं, रेषाप्रमाण (नकाशावर आखलेली मोजपट्टी) तेवढं बरोबर राहतं कारण तेपण नकाशाबरोबर आकसतं, ते वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि पोरं पाठ करतात, इथं दुकानात डोळ्यासमोर बघायला मिळालं.

तर पहिली प्रिंट ए-टूवर आकसलेली आली. मी पट्टी काढून रेषाप्रमाणावर ठेवली तर किलोमीटर दीड सेंटिमीटरलाच उरकला. मग परत ए-वन साइजला, ॲक्चुअल साइज, १०० टक्के असं सांगून काढली आणि बरोब्बर २ सेंटिमीटर आले. मैलवाली जुनी शीट त्यामानानं लहान, नकाशा १७ बाय १६ इंचाच्या आसपास, ती २४ इंची रोलवर आरामात बसली. पट्टी सोबत न्या, एवढंच सांगते. दुकानात पट्टी मागितली तर फ्लेक्स कापायची लोखंडी पट्टी देतात तिच्यावरचे आकडे केव्हाच झिजलेत.

फ्लेक्सवर घ्या म्हणून आग्रह झाला, पावसात भिजत नाही, स्वस्त पडतं. घेऊ नका. फ्लेक्सचं मशीन भावी नगरसेवकाचा चेहरा चौकातून दिसावा यासाठी आहे, केसाएवढ्या रेषा त्याला झेपत नाहीत. मी जाड मॅट कागद घेतला आणि वरून मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी लॅमिनेशन उन्हात चकाकतं, चार पोरं भोवती उभी राहिली तर तिघांना नुसता उजेड दिसतो, आणि त्यावर पेन्सिल चालत नाही. मॅटवर चालते. नहर जमिनीखालून असल्यामुळे शीटवर आखलेली नाहीच, मग जिथं हवा निघायला बांधलेले जुने मनोरे उभे आहेत तिथं तिथं पोरांनी पेन्सिलनं टिंबं देत जायची असं ठरवलं होतं, आणि टिंबं जोडल्यावर जी ओळ तयार होते ती समोच्च रेषांशी कशी वागते ते बघायचं. हा तास मला आतापर्यंतचा सगळ्यात आवडलेला तास आहे. मलिक अंबरनं सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे आपल्याच शहराला, पाणी आणायला पहिली नहर काढली, त्यानंतर इथं अशा बऱ्याच नहरी झाल्या, पाणचक्कीची त्यातलीच. पाणचक्कीच्या बांधकामाची साल कुणी १६९५ सांगतं कुणी १७४४, त्यावर वाद आहे, पण त्या काळी टोपोशीट नव्हती आणि पाणी तरी बरोबर पोचलं, हे एका पोरानं स्वतःहून म्हटलं.

नकाशे इथं आले तरी कधी, तर विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश सर्वेक्षकानं १८०२ ला मद्रासला त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, १८१५ ला बिदरजवळ पायारेषा (जिच्यावरून पुढचे त्रिकोण काढतात ती जमिनीवर मोजलेली रेषा) मोजली, आणि १८२३ ला हिंगणघाटला तो वारला. बिदर म्हणजे तेव्हा आपल्यासारखंच निजामाच्या मुलखात, आपल्या लातूरला लागूनच. शीटवर डोंगरमाथ्यावर जो लहान त्रिकोण नि शेजारी उंचीचा आकडा असतो तो त्या कामाचा वारसा. सगळ्यात जास्त तेच छोटे आकडे प्रिंटमध्ये मरतात, ते तपासा. आणि हो, जुनी शीट मोबाइलच्या जीपीएसशी तंतोतंत जुळवायला जाऊ नका, जुनी एव्हरेस्ट नावाच्या सर्वेक्षकानं ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर आखलीय आणि मोबाइल धरतो तो पृथ्वीचा आकार वेगळा आहे, ठिकाण सरकलेलं दिसणारच, त्यात प्रिंटवाल्याचा दोष नाही.

अमेरिकन शीटची प्रिंट सगळ्यात सुंदर आली, कारण ती आधीच चांगली स्कॅन केलेली होती आणि कुणाला तिच्यात हात घालायला वाव नव्हता. चक्कीसाठी ती काही कामाची नाही, १ सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, रेषा विरळ. पण गोदावरी बघा तिच्यावर! पैठणच्या वर नदी म्हणजे नदी आहे, वळणं घेत जाणारी, दोन्ही काठांना गावंच गावं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, धरण १९७६ ला झालं, आणि ही शीट त्याच्या आधीची. नव्या शीटवर तिथं निळंशार नाथसागर आहे, खाम आधी गोदावरीला मिळायची, ती आता तलावालाच मिळते. आमच्या शिपाई मावशींचं माहेर धरणात गेलेल्या गावातलं, त्यांनी चष्मा पुसून पुसून नकाशावर बोट फिरवलं नि गाव सापडल्यावर म्हणाल्या, हौ, हेच, आणि शेजारच्या दोन गावांची नावं न वाचताच सांगितली, इंग्रजी अक्षरं त्यांना येत नाहीत. त्यांच्यासाठी तेवढ्या भागाची मोठी प्रिंट काढून घेतली, तिथं प्रमाणबिमाण बघितलं नाही, जेवढी मोठी होईल तेवढी करा म्हटलं. काकांनी त्याचे पैसे लावले नाहीत.

पाणचक्कीशी तुलना करायला वाफेच्या कापड गिरण्यांचं आणि रेल्वेचं म्हणाल तर जुन्या शीटवर मीटरगेज रेल्वेची खूण आहे, नव्यावर ब्रॉडगेजची, रूळ बदलले १९९० च्या दशकात. ती जुनी लाइन म्हणजे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, मनमाडहून सिकंदराबादला, १९०० च्या सुमाराची. आपल्या शहरातली पहिली कापड गिरणी त्याच्याही आधी, १८८९ ची. नांदेडची उस्मानशाही मिल मात्र रेल्वेनंतरची आणि स्टेशनला धरून. पाण्याची चक्की उताराला धरून बसली नि वाफेच्या गिरणीला उताराचं काही पडलेलं नव्हतं, हे दोन शीटा शेजारी ठेवल्या की दिसतं, मला सांगावं लागलं नाही.

खर्च: ए-वन रंगीत प्रिंट मॅट लॅमिनेशनसकट ३२० रुपये, जुन्या शीटचं स्कॅन-जोडकाम ४०० (जरा जास्त वाटले, पण वेळ बघता ठीक), चुकलेल्या प्रिंटांचे पैसे घेतले नाहीत, फक्त लॅमिनेशन वाया गेलं त्याचे निम्मे मागितले ते मी दिले. बिल मागितलं तर देतात, शाळेच्या हिशोबाला चालतं. स्कॅनची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून अजिबात घेऊ नका, तिथं चेपून येते नि ६०० डीपीआयची सगळी मेहनत पाण्यात. पार्किंग नाही, स्कूटर लांब लावून चालत जा. दुपारी एक ते तीन काका जेवायला जातात तेव्हा जाऊ नका, पोरगा एकटा असला की ऑटो कलर मारतो.

नांदेडच्या मैत्रिणीला ५६ ई/८ हवीय, गोदावरी आणि मिलचा परिसर, तिची ऑर्डर देऊन आलेय. काका म्हणाले गणपती होऊ द्या मॅडम, आता बॅनरचा सीझन आहे, तोपर्यंत प्लॉटरला हात लावायला वेळ नाई.